टॉमी जॉन: कोपराचं लिगामेंट तुटल्यानंतरचे १६४ विजय

डावखुरा (धागाकर्ता)

‘त्याची टॉमी जॉन झाली’ असं बेसबॉलमध्ये कुणी म्हटलं की आता त्याच्या नावाची कोपराची शस्त्रक्रियाच आठवते, माणूस आठवत नाही. मला इथे त्या माणसाच्या पिचिंगबद्दल, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकण्याबद्दल लिहायचं आहे. शस्त्रक्रियेवर बोलायला जाणकार मंडळी इथे आहेतच.

जन्म २२ मे १९४३, इंडियाना राज्यातलं टेरे हॉट. डावखुरा. शाळा संपल्यावर १९६१ मध्ये क्लीव्हलंडशी करार, सप्टेंबर १९६३ मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, पहिला सामना. १९६५ ते १९७१ शिकागो व्हाइट सॉक्समध्ये. १९७१ चा हंगाम संपल्यावर त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडलं आणि बदल्यात डिक अ‍ॅलन हा जबरदस्त फलंदाज घेतला. तोवर जॉनकडे चांगला, भरवशाचा पिचर म्हणूनच पाहिलं जाई. फार वेगवान तो कधीच नव्हता. हत्यार एकच, सिंकर, म्हणजे फलंदाजाजवळ येताना खाली पडणारा चेंडू. बरोबरीला वळणारा कर्व्हबॉल आणि अचूक नेम.

१९७४ चा हंगाम त्याचा तोवरचा सर्वोत्तम ठरत होता: १३ विजय, ३ पराभव, इआरए २.५९. इआरए म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, दर नऊ डावांमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा. १७ जुलैला डॉजर स्टेडियमवर मॉन्ट्रियलविरुद्ध डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघे बाद) मिळवायला त्याने सिंकर टाकला आणि हातातला जोरच गेला. आणखी एक पिच टाकून पाहिली, तीही तशीच. मग तो स्वतःच चालत बाहेर आला.

काही आठवडे विश्रांती घेतली, पुन्हा टाकून पाहिलं, उपयोग शून्य. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात तुटलेल्या लिगामेंटच्या (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्याच्या) जागी बसवला. पुन्हा मेजर लीगमध्ये येण्याची शक्यता जोब यांनी शंभरात एक सांगितली होती. डॉजर्स त्या वर्षी त्याच्याशिवाय वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत पोचले आणि ओकलंडकडून हरले. १९७५ चा अख्खा हंगाम गेला. १६ एप्रिल १९७६ ला अटलांटाविरुद्ध तो परत उभा राहिला.

आता आकडे, आधी विजय मग पराभव. १९७६: १०-१०, इआरए ३.०९, दोनशेहून जास्त डाव. १९७७: २०-७. न्यूयॉर्क यँकीजकडे गेल्यावर १९७९: २१-९, १९८०: २२-९. म्हणजे एका हंगामात वीस विजय त्याने तीनदा गाठले आणि तिन्ही वेळा शस्त्रक्रियेनंतर. आधी १२४ विजय, नंतर १६४. पुढे कॅलिफोर्निया एंजल्स, ओकलंड आणि पुन्हा यँकीज. १९८९ च्या हंगामाचा यँकीजचा पहिला सामना त्यानेच सुरू केला आणि जिंकला. २५ मे १९८९ ला शेवटचा सामना, तेव्हा वय ४६ वर्षं ३ दिवस. एकूण २६ हंगाम, ७०० सामन्यांत सुरुवातीचा पिचर, ४७१० डाव, २८८-२३१, इआरए ३.३४.

माझं म्हणणं असं: बसवलेल्या टेंडनने त्याला परत उभं केलं, पण पुढची तेरा वर्षं चालवली त्याच्या पिचिंगच्या शैलीने. हीच दुरुस्ती फक्त वेगावर जगणाऱ्या पिचरची झाली असती तर या शस्त्रक्रियेच्या पहिल्याच वेळी इतका लांब पल्ला गाठला गेला असता, असं मला वाटत नाही.

---

शल्यचर्चा

धागा आवडला. शस्त्रक्रियेचा भाग मी घेतो.

तुटतं ते कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, यूसीएल. दंडाच्या हाडाला आतल्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो तिथून ते करंगळीच्या बाजूच्या हाडापर्यंत, म्हणजे अल्नापर्यंत जातं. त्यातला पुढचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. पिच टाकताना खांदा पूर्ण मागे वळलेला असतो, कोपर साधारण काटकोनात असतं, आणि धड पुढे निघून गेलेलं असतं. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं. तिथे येणारा पीळ मोजला तर सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. प्रयोगशाळेत मृतदेहाचं नुसतं लिगामेंट सुमारे ३२ लाच तुटतं. उरलेला भार मनगट वाकवणारे आणि तळवा खाली फिरवणारे स्नायू, तसंच हाडांची ठेवण उचलते. स्नायू थकले की हिशोब बिघडतो. दमलेल्या हाताने टाकू नका, हे यासाठीच सांगतात.

जोब यांची मूळ पद्धत: आतल्या बाजूने चीर, स्नायूंचा जुडगा हाडापासून सोडवायचा, अल्नामध्ये दोन आणि दंडाच्या हाडात इंग्रजी वाय आकाराची भोकं पाडायची, टेंडन त्यातून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवून ताणून शिवायचा. टेंडन पामॅरिस लाँगस या स्नायूचा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित वाकवलं की मनगटाच्या मधोमध जी दोरी वर येते, ती हीच. साधारण सातातल्या एकाला ती नसतेच. मग दुसऱ्या हाताची, किंवा मांडीच्या आतल्या बाजूच्या ग्रॅसिलिस स्नायूची दोरी घेतात. पामॅरिस काढल्याने पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

जॉनच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर जे बिघडलं ते लिगामेंटमध्ये नव्हतं. कोपराला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी जी नस असते, अल्नर नस, ती शस्त्रक्रियेनंतर दुखावली. बोटं वाकडी होऊन पंजा नखीसारखा झाला. डिसेंबर १९७४ मध्ये नस मोकळी करायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि बोटांत जोर यायला महिने गेले. नस परत येते ती फार सावकाश, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर.

पुढच्या सुधारणा बहुतेक या नसेच्या काळजीतून झाल्या. स्नायू हाडापासून सोडवायचा नाही, तंतूंच्या दिशेने फाकवून आत जायचं. गरज नसेल तर नसेला हात लावायचा नाही. भोकं कमी पाडायची. डॉ. डेव्हिड अल्टचेक यांच्या डॉकिंग पद्धतीत टेंडनची दोन्ही टोकं दंडाच्या हाडातल्या एकाच खोबणीत ओढून घेतात. आता लिगामेंट हाडापासून नीट सुटलं असेल आणि बाकीचं शाबूत असेल तर टेंडन न बसवता तेच परत शिवून वरून पट्टीसारख्या धाग्याचा आधार देतात. त्यात परतायला कमी वेळ लागतो. पण लिगामेंट मधूनच झिजून चिंध्या झालं असेल तर तो मार्ग बंद.

---

मुळामुठा

दोन प्रश्न. सचिनच्या टेनिस एल्बोचा आणि याचा काही संबंध? आणि आपले वेगवान गोलंदाज वर्षानुवर्षं ताशी १४० किमीने टाकतात, त्यांचं हे लिगामेंट तुटल्याचं ऐकायला येत नाही. चेंडू तर क्रिकेटचाच जड, १५६ ते १६३ ग्रॅम. बेसबॉल १४२ ते १४९.

---

शल्यचर्चा

मुळामुठा, संबंध नाही. २००४ मध्ये सचिनला त्रास झाला तो कोपराच्या बाहेरच्या बाजूला, मनगट मागे उचलणाऱ्या टेंडनच्या मुळाशी. जॉनचं दुखणं आतल्या बाजूचं, आणि टेंडनचं नसून लिगामेंटचं.

गोलंदाजांचं कारण क्रिकेटच्या नियमातच आहे. कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, म्हणजे हात जवळपास ताठच फिरतो. वाकलेलं कोपर आतून उघडण्याचा प्रसंगच फारसा येत नाही. तो भार जातो कमरेकडे. वेगवान गोलंदाजांच्या कण्याच्या खालच्या मणक्यांना चिरा पडतात त्या त्यामुळे. बुमराहचं उदाहरण ताजं आहे. या लिगामेंटच्या दुखापतीचं पहिलं वर्णन वैद्यकीय साहित्यात १९४६ चं आहे आणि ते भालाफेकपटूंचं. वाकलेल्या कोपराने डोक्यावरून फेकणारा प्रत्येक जण या यादीत येतो.

---

टेकडीकर

सिंकरबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण धागाकर्त्याचं म्हणणं त्यावरच उभं आहे.

पकड: चेंडूवरच्या दोन शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात तिथे तर्जनी आणि मधलं बोट शिवणींच्या लांबीने ठेवायचं. अंगठा खाली, मधोमध किंवा किंचित आत. चेंडू तळहातात खुपसायचा नाही, बोटांवर राहू द्यायचा. सुटताना जोर तर्जनीवर जास्त आणि पुढचा हात आत फिरतो, तळवा बाहेरच्या दिशेला वळतो. त्यामुळे चेंडूवरची उलटी फिरकी कमी होते, आस कलते, आणि प्लेटजवळ (फलंदाज उभा असतो तिथे) येताना तो खाली आणि फेकणाऱ्या हाताच्या बाजूला सरकतो. जॉन डावखुरा, म्हणून उजव्या फलंदाजापासून खाली आणि बाहेर. फलंदाजाला बॅटच्या मधोमध लागेल असं वाटतं, लागतो चेंडूचा वरचा भाग. फटका जमिनीवर.

बिघडतं कुठे? मनगट बाजूला पडून बोटं चेंडूच्या कडेला गेली की चेंडू फक्त आडवा सरकतो, पडत नाही. जास्त जोर लावला की धड लवकर उघडतं, हात मागे राहतो आणि पिच कमरेच्या उंचीवर सपाट येते. तिथला सिंकर म्हणजे संथ फास्टबॉल, तो थेट प्रेक्षकांत जातो. म्हणूनच हात थोडा जड असताना सिंकर जास्त पडतो असं प्रशिक्षक मानतात.

फायदा असा की फलंदाजाला चकवून बाद करायची गरज पडत नाही. जॉनचे कारकिर्दीतले स्ट्राइकआउट (चकवून बाद केलेले फलंदाज) २२४५, म्हणजे नऊ डावांमागे जेमतेम सव्वाचार. बाकीचं काम इनफिल्डरांचं, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकांचं. १९७९ मध्ये २७६ डाव आणि १९८० मध्ये २६५, तेही नव्या कोपरावर! प्रत्येक पिचला सगळा जीव न लावताच हे जमतं. सत्तरीतल्या डॉजर्सकडे गार्वी, लोप्स, रसेल, से अशी पक्की इनफिल्ड चौकडी होती हेही विसरू नये. सिंकरवाल्या पिचरचा इआरए अर्धा त्यांच्या हातमोज्यांत असतो.

---

वैनगंगा

माइक मार्शलचं नाव अजून कुणी घेतलं नाही. डॉजर्समधलाच पिचर, १९७४ मध्ये १०६ सामन्यांत उतरला, आणि शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा विद्यार्थी, पुढे त्यातच पीएचडी. १९७५ मध्ये जॉनला फेकण्याची हालचाल बदलायला त्याने मदत केली: पाय आणि धड फार आडवं न वळवता तोंड प्लेटकडे ठेवून सरळ रेषेत पुढे यायचं. तेव्हा या शस्त्रक्रियेनंतर काय करायचं याचं कुठलंच पुस्तक नव्हतं. जॉन रोज टाकून पाहत होता, पुढचे तक्ते त्याच्या अनुभवानंतर बनले.

आजचा तक्ता साधारण असा. पहिला आठवडा कोपर काटकोनात बांधलेलं. मग बिजागरीचा पट्टा, दर आठवड्याला थोडी जास्त हालचाल, सहाव्या आठवड्याच्या आसपास कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकलेलं. या काळात मनगट, पकड, खांद्याच्या पात्याचे स्नायू. तिसऱ्या महिन्यापासून दोन्ही हातांनी हलका वजनी चेंडू, नंतर एका हाताने. चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिली फेक.

फेकीचा कार्यक्रम अंतराने वाढतो: ४५ फूट, ६०, ९०, १२०, पुढे १५० आणि १८०. प्रत्येक अंतराला आधी २५ फेकी, विश्रांती, पुन्हा २५. ते दुखल्याशिवाय जमलं की २५ चे तीन संच. एक दिवसाआड. चेंडू किंचित कमानीत, एक छोटी उडी घेऊन, म्हणजे पाय काम करतात आणि हात एकटा ओढला जात नाही. माऊंडवर (पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावर) आठव्या-नवव्या महिन्यात, निम्म्या जोराने, फक्त फास्टबॉल. मग चेंजअप, म्हणजे मुद्दाम संथ टाकलेला चेंडू. वळणारा ब्रेकिंग बॉल सगळ्यात शेवटी. सामन्यात परतायला बारा ते अठरा महिने.

नियम एकच कडक: स्नायू दुखला तर एक दिवस थांबा, सांध्याच्या आत दुखलं तर मागच्या पायरीवर जा. गडबड होते ती सहाव्या-सातव्या महिन्यात. दुखणं गेलेलं असतं, हात हलका वाटतो आणि खेळाडू १२० फुटांवरून पूर्ण ताकद लावतो. बसवलेला टेंडन तेव्हा अजून लिगामेंटसारखा घडायचा असतो.

---

पाचगणीकर

मला १९८१ ची वर्ल्ड सिरीज आठवते ती सहाव्या सामन्यासाठी. यँकीज ३-२ ने मागे, चौथा डाव, १-१ बरोबरी. प्रशिक्षक बॉब लेमन यांनी जॉनच्या जागी फलंदाजीला बॉबी मर्सर पाठवला. मर्सर झेलबाद. जॉन सामन्यातून बाहेर, पाचव्या डावात डॉजर्सच्या तीन धावा, शेवट ९-२. त्या सिरीजमध्ये जॉनचा इआरए ०.६९ होता! चौथ्या डावात असा पिचर काढणं हा निव्वळ घाबरून घेतलेला निर्णय होता. १९७७ आणि १९७८ मध्ये डॉजर्सकडून खेळून यँकीजविरुद्ध हरला, १९८१ मध्ये यँकीजकडून खेळून डॉजर्सविरुद्ध. विजेत्यांना मिळणारी अंगठी शेवटपर्यंत नाही.

आणि हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांची मानाची यादी? पत्रकारांच्या मतदानात १५ वर्षं नाव राहिलं, लागतात ७५ टक्के, सर्वाधिक मिळाली ती २००९ मध्ये ३१.७. पिचर जिम काटला २८३ विजयांवर जुन्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या समितीने आत घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये समितीने निवडलं डिक अ‍ॅलनला, ज्याच्या बदल्यात जॉन डॉजर्सकडे गेला होता त्याच अ‍ॅलनला. जॉनचं नाव त्याच यादीत होतं, तो पुन्हा बाहेर. हे मला अन्यायाचं वाटतं.

---

डावखुरा (धागाकर्ता)

पाचगणीकर, लेमनबद्दल सहमत. दोन जण बेसवर होते, धाव हवी होती, हे धरूनही.

हॉल ऑफ फेमबद्दल विरोधकांची बाजू अशी की सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकदाही नाही, ऑल-स्टार फक्त चार वेळा, आणि २८८ विजय हे दीर्घायुष्याचं फळ. मला ही बाजू लंगडी वाटते, कारण इथे दीर्घायुष्य हीच कामगिरी आहे. डॉ. जोब यांचा २०१३ च्या सोहळ्यात गौरव झाला, तो योग्यच. पण जोब यांची शस्त्रक्रिया सिद्ध केली ती जॉनच्या डाव्या हाताने.

---

शल्यचर्चा

इथे एक गोष्ट घालतो, कारण नुसती जॉनची गोष्ट वाचून गैरसमज होतो. जोब यांनी ही शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा केली ती १९७८ मध्ये, पिचर ब्रेंट स्ट्रॉमवर. तो मेजर लीगमध्ये पुन्हा पिच टाकू शकला नाही. नंतर पिचिंगचा प्रशिक्षक म्हणून त्याने मोठं नाव कमावलं. जोब यांनी १९८६ मध्ये पहिल्या १६ खेळाडूंचे निकाल छापले, त्यातले १० पूर्वीच्या पातळीवर परतले. आज दहातले साधारण आठ परततात. पण परतणं म्हणजे पूर्वीसारखं होणं नव्हे, आणि दुसऱ्यांदा करावी लागली तर शक्यता घटते. पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या जपानी शोहेई ओहतानीची २०१८ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली.

‘शस्त्रक्रियेने वेग वाढतो’ हा समज अमेरिकेतल्या पालकांत चांगलाच रुजला आहे. वाढलेला वेग दिसतो तो वर्षभर पाय, कंबर, खांदा यांवर शिस्तीत केलेल्या मेहनतीचा. टेंडन बसवल्याने वेग येत नाही.

---

सायंतारा

भारताशी खरा दुवा आहे तो रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचा. दोघे उत्तर प्रदेशातले, दोघे भालाफेक करणारे, बेसबॉल कधी न खेळलेले. २००८ च्या स्पर्धेतून निवड, टॉम हाऊस या माजी पिचरकडे प्रशिक्षण, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करार. दिनेशला २०१० च्या अखेरीस सोडलं. डावखुरा रिंकू मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांत, एकेक पायरी चढत टिकला. पण २०१३ पासून हाताच्या दुखापतींनी त्याचं पिचिंग थांबलं, पुढे तो कुस्तीच्या व्यावसायिक रिंगणात गेला.

भालाफेकीचा पाया असला की हात वेगवान मिळतो, पण भालाफेकपटू स्पर्धेत सहा फेकी टाकतो आणि सुरुवातीचा पिचर एका सामन्यात नव्वद-शंभर, पाच दिवसांनी पुन्हा तेवढ्याच. वेग महिन्यांत येऊ शकतो, तेवढ्या आवर्तनांची सवय कोपराला लागायला वर्षं जातात. वर शल्यचर्चा यांच्या उत्तरात भालाफेक आली आहेच: नीरज चोप्राच्या कोपराची शस्त्रक्रिया २०१९ मध्ये मुंबईतच झाली होती.

---

टेकडीकर

सायंतारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. आपल्याकडे शालेय स्पर्धांत बेसबॉल आहे आणि एकच चांगला पिचर असला की शाळा त्यालाच तिन्ही दिवस टाकायला लावते. (सॉफ्टबॉलचा पिचर खालून टाकतो, त्याचं गणित वेगळं.) मेजर लीग आणि अमेरिकी बेसबॉल संघटनेने २०१४ पासून दिलेल्या मर्यादा प्रशिक्षकांनी भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. दिवसाला जास्तीत जास्त पिच: ९-१० वर्षं ७५, ११-१२ वर्षं ८५, १३ ते १६ वर्षं ९५, १७-१८ वर्षं १०५.

चौदा वर्षांपर्यंत: २० पिचपर्यंत दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ ला एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ आणि पुढे चार. पिच टाकून झालेल्या मुलाला त्याच सामन्यात कॅचर करायचं नाही, कारण कॅचरलाही प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकावा लागतो. वर्षातून चार महिने डोक्यावरून फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग.

मोजायचं सामन्यातलं तर मोजाच, सरावाच्या आणि सामन्याआधीच्या हात गरम करण्याच्या फेकीही डोळ्यांखाली ठेवा. त्या कुठल्याच तक्त्यात येत नाहीत आणि एका सामन्यामागे तीस-चाळीस सहज होतात.

---

मुळामुठा

टेकडीकर, १५-१६ वर्षांच्या गटात विश्रांतीचे टप्पे थोडे वेगळे आहेत ना? ३० पर्यंत शून्य, ३१ ते ४५ ला एक, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ च्या पुढे चार.

---

टेकडीकर

बरोबर. १७ वर्षांखालच्या शालेय गटात चौदाची आणि सोळाची मुलं एकत्र असतात, तेव्हा प्रत्येकाचं वय बघून त्याचा त्याचा तक्ता लावायचा.